पाओ की फाओ?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं एक बरं असतं. काम सुरू करायच्या आधी कामाचा तक्ता करता येतो आणि काम केल्याचं समाधान फुकटात मिळतं. चिनी शिकायचं ठरवलं तेव्हा मीही एक्सेल उघडलं. अकरा पाठ्यपुस्तकं, सात रकाने: किंमत, पानं, ऑडिओ आहे का, लोकांनी किती तारे दिलेत वगैरे. तीन वीकेंड त्यात गेले. तेवढ्या वेळात २०१० च्या एचएसके परीक्षेच्या पहिल्या पायरीचे दीडशे शब्द पाठ झाले असते. असो.

तक्त्यात एक रकाना नव्हता, आणि माझं सगळं भांडण त्या रकान्यावरून आहे. पुस्तक लिहिणाऱ्यानं समोर कोण बसलंय असं धरलंय?

उत्तर सोपं आहे: अमेरिकेतला कॉलेजातला पोरगा. 'इंटिग्रेटेड चायनीज' तर अमेरिकन विद्यापीठांतल्या वर्गांसाठीच लिहिलेलं आहे, १९९७ पासून चालू आहे आणि चांगलंच आहे. 'न्यू प्रॅक्टिकल चायनीज रीडर' बीजिंगहून निघतं, पण त्यातली मुख्य पात्रंसुद्धा कॅनडाचा तिंग लीपो, इंग्लंडची लिन ना आणि अमेरिकेचा मा तावेइ. पुण्यातली वैशाली किंवा नाशिकचा संदीप त्या होस्टेलात राहत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. आपण ती पुस्तकं अमेरिकन पोराच्या कानांनी वाचतो, आणि घरात असलेले आपले कान खुंटीला टांगून ठेवतो.

माझी फजिती सांगतो. आमचं शेन्झेनच्या टीमबरोबर रोज कॉलवर बोलणं. प्रोग्रॅम 'चालला' याला तिकडचे इंजिनियर 'पळाला' म्हणतात, हे मी टिपून ठेवलं होतं. पळणे म्हणजे रोमन लिपीत पी-ए-ओ, तिसरा सूर. आठ महिन्यांचा अभ्यास झाला होता, अंगात वारं शिरलेलं. रात्रीच्या टेस्ट झाल्या का असं विचारल्यावर मी झोकात म्हणालो, "पाओ ल!" पलीकडे शांतता, मग हशा. आणि चॅटवर एकीचा प्रश्न, की जेवायला काय होतं?

कारण 'पाओ ल' म्हणजे 'पोट भरलं'. पळालं म्हणायचं तर 'फाओ ल' म्हणायला हवं.

आता बघा काय झालं ते. चिनी शब्द रोमन लिपीत लिहायची अधिकृत पद्धत म्हणजे पिनयिन, १९५८ साली चीननं स्वीकारलेली. तिच्यात 'बी' हे अक्षर 'ब'साठी नाहीच. ते 'प'साठी आहे. आणि 'पी' आहे हवा सोडून म्हटलेल्या 'प'साठी, म्हणजे दोन ओठ मिटून म्हटलेला आपला जुना 'फ', फळातला (फॅनमधला नव्हे). तसंच 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. चिनीत प-फ, त-थ, क-ख अशा जोड्या आहेत. ब, द, ग यांना तिथं वेगळं स्थानच नाही. चौथ्या सुरात 'थू' म्हणजे ससा आणि 'तू' म्हणजे पोट.

अमेरिकन पोराला हे शिकवणं कठीण. त्याच्या भाषेत प आणि फ हे दोन वेगळे वर्ण नाहीत. म्हणून पुस्तक त्याला सांगतं की तोंडासमोर कागद धर, कागद हलला तर बरोबर. आपल्याकडे बालवाडीतली पोरगी क ख ग घ म्हणत हे सगळं करत असते! आणि आपण काय करतो? तिच्याइतकंही न वापरता कागद धरतो.

जुने मराठी फॉन्ट आठवतात का? युनिकोड रुळायच्या आधी कुणीतरी शिवाजी किंवा श्रीलिपीत टाइप केलेली फाइल पाठवायचं, आपल्याकडे तो फॉन्ट नसायचा आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा काला दिसायचा. फाइल ठीकच असायची, आपण ती चुकीच्या तक्त्यातून वाचत असायचो. पिनयिन इंग्रजीतून वाचणं म्हणजे नेमकं तेच. फक्त इथं काला दिसत नाही, सगळं वाचता येतं, म्हणून आठ महिने कळतही नाही.

आपली वर्तमानपत्रंही हाच काला छापतात. 'शी जिनपिंग' हे नाव ऐकायला 'शी चिन्फिंग'च्या जास्त जवळ जातं. बीजिंग म्हणजे साधारण पेइचिंग. गंमत म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीतला 'माओ त्से तुंग' पिनयिनच्या आधीच्या स्पेलिंगमधून आला होता, आणि त्यातला 'तुंग' हा आताच्या 'डाँग'पेक्षा मूळ उच्चाराला जवळचा आहे. मी चिनी शिकतो म्हटल्यावर प्रत्येक काकांना सोलापूरचे डॉ. कोटणीस आठवतात. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथली भाषा शिकले, १९४२ मध्ये तिथंच वारले. पिनयिन आलं ते त्यानंतर सोळा वर्षांनी. आज आपण पिनयिनच्या ज्या 'बी'ला फसतो, तो त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

बरं, एवढ्यावर थांबत नाही. पिनयिनमधला 'झेड' कसा म्हणायचा? पुस्तक सांगतं, इंग्रजी 'बेड्स'मधल्या 'ड्स'सारखा. अहो, तो आपला चाकातला च आहे! आणि 'जे' म्हणजे चिमणीतला च. हे दोन च वेगळे ऐकू येणं ही मराठी माणसाला जन्मजात मिळालेली गोष्ट, प्रमाण हिंदीवाल्यालाही नाही. खरी अडचण 'एसएच'ची, तो मूर्धन्य ष आहे. शाळेत 'पोटफोड्या ष' गिरवला सगळ्यांनी, म्हटला कुणीच नाही.

व्याकरणातही तेच. 'मी काल घेतलेलं पुस्तक' हे चिनीत 'वो चुओथ्येन माइ-त षू'. मी, काल, घेतलेलं, पुस्तक. एकही शब्द जागचा हलवायचा नाही. इंग्रजीतून हेच शिकताना वाक्य उलटं करायचं, मग चिनीसाठी पुन्हा सुलटं करायचं. प्रश्न विचारायचा तर शेवटी 'मा' लावा: 'नी लाइ मा', तू येतोस का. आपल्या 'का'सारखंच. 'टेबलावर' म्हणताना 'वर' टेबलानंतर, तिकडेही नंतर. उत्तरेकडच्या बोलीत 'आपण' आणि 'आम्ही' यांना दोन शब्द आहेत, 'चान्मन' आणि 'वोमन' (दुसरा कधीकधी दोन्हीसाठी चालतो). इंग्रजी पुस्तकाला यासाठी चौकट टाकून परिच्छेद लिहावा लागतो. आपल्याला दोन शब्द पुरले असते.

इंग्रजीला द्यायचे गुण देतो. क्रियापद मधे येतं, तिथं इंग्रजीच कामाला येते. आणि सुरांच्या बाबतीत मराठी काहीही मदत करत नाही, चिन्हांच्या बाबतीतही नाही. तिथं सगळेच सारखे अडाणी.

"पुस्तक कुठलंही घ्या हो, सातत्य महत्त्वाचं" असं सांगणारे लोक असतात. मी आठ महिने सातत्यानं चुकीचं शिकलो. वर्गात बाई तुमचा 'पाओ' पहिल्या दिवशी पकडतात. एकट्यानं शिकणाऱ्याला बाई नसतात, पुस्तकच बाई असतं, म्हणून त्याला 'कुठलंही' चालत नाही. ॲपवाल्यांचंही तसंच. माझ्या ॲपनं माझ्या 'पाओ'ला हिरवी बरोबरची खूण देऊन शाबासकी दिली होती!

दुसरं टोक म्हणजे मराठीतून काही मिळतंय का बघणं. अप्पा बळवंत चौकात चिनी भाषेचं पुस्तक मागितलं तर दुकानदारानं मंचुरियनच्या पाककृती पुढे केल्या. शेवटी एक पातळ पुस्तिका मिळाली, देवनागरीतून चिनी. उघडली तर 'बू', 'डा', 'गाओ'. म्हणजे लिहिणाऱ्यानं चिनी माणसाला ऐकलंच नव्हतं, रोमन अक्षरं पाहून देवनागरी केली होती. तोच काला, फक्त आपल्या लिपीत.

मग घ्यायचं काय? मी सगळं गुंडाळून 'न्यू प्रॅक्टिकल चायनीज रीडर'चा पहिला भाग घेतला. त्यातले पहिले सहा धडे मुख्यतः उच्चारांवर आहेत, आणि एकट्यासाठी ते सोनं आहे. 'एचएसके स्टँडर्ड कोर्स' (२०१४ पासूनचा) जास्त चकाचक, धडे छोटे, पण तो परीक्षेच्या शब्दयादीच्या मागे धावतो, आणि २०२१ मध्ये नवं नऊ पातळ्यांचं मानक आल्यावर ती यादीच बदलली. वाचनासाठी डी फ्रान्सिसचं 'बिगिनिंग चायनीज रीडर' घ्या. १९६० च्या दशकातलं, दिसायला अगदी कंटाळवाणं, पण तीच ४०० चिन्हं इतक्या वेळा फिरवून समोर आणतं की विसरणं अवघड होतं. दुकानात पुस्तक चाळताना एक करा: तिसऱ्या सुराचं पान काढा. नुसतीच खाली जाऊन वर येणारी रेघ काढली असेल तर ठेवून द्या. बोलण्याच्या ओघात तो सूर बहुतेक वेळा नुसता खालीच राहतो, हे लिहिलेलं असेल तर लेखकाला एकट्या वाचकाची काळजी आहे.

आणि सोबत एक दोनशे पानी वही. ऑडिओ लावायचा, पुस्तक मिटायचं, ऐकू येईल ते देवनागरीत लिहायचं. नंतर पुस्तक उघडून त्याच्यापुढे पिनयिन लिहायचं, कारण कीबोर्डवर टाइप करायला तेच लागतं. चाकाच्या च खाली मी टिंब देतो. सुरांना एक ते चार आकडे.

माझी वही सध्या एकोणिसाव्या पानावर आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'फाओ' लिहिलंय, आणि परवाच्या कॉलवर तो बरोबर आला. ल मात्र चुकला म्हणे.