बेस गिटार घ्यावी, पण कोणती?

एक विद्यार्थी, बी. ए. द्वितीय वर्ष

"धानोऱ्यासारख्या गावात बेस गिटार कशाला?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी विचारला आहे की, त्याचे उत्तर एकदाच छापून टाकावे असे वाटू लागले. विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना हे परकी थेर वाटते. काहींचे म्हणणे असे की, हौस ठीक आहे, पण पैशाचे काय? पहिल्या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसरा मात्र खरा आक्षेप आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी रोख पैसा येतो तो धानाच्या चुकाऱ्यातून नाही तर मे महिन्याच्या उन्हात तोडलेल्या तेंदूपत्त्यातून. त्या पैशातून कोणी वाद्य घेणार असेल तर त्याची फसगत होऊ नये, एवढ्याचसाठी हा लेख.

आधी परकेपणाविषयी. ज्या पेटीशिवाय आपले भजन होत नाही आणि मराठी नाट्यसंगीताची कल्पनाही करवत नाही, त्या हार्मोनियमचे पेटंट १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन यांनी घेतले होते. हे वाद्य आपल्या संगीताला मानवत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये त्यावर बंदी घातली, आणि ती अंशतः उठायला १९७१ साल उजाडले. या तीस वर्षांत रंगभूमीने काही पेटी खाली ठेवली नाही. आपल्या झाडीपट्टीचेच पाहा. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाचे दिवस आले की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. याच रंगभूमीवरचे आपल्या जिल्ह्याचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मी पाहिलेल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तबल्याशेजारी ऑक्टोपॅड आणि पेटीच्या जागी विजेवरचा कीबोर्ड सुखाने नांदत होता. तेव्हा वाद्य कुठून आले यापेक्षा त्यावर आपण काय वाजवतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

आता ज्यांना हे वाद्य ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बेस गिटार म्हणजे गाण्याचा पाया धरणारी, बहुधा चार तारांची गिटार. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे स्वर अगदी खर्जातला. हिंदी चित्रपटांतून तो आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस असे. ही गिटार सामान्यतः बोटांनी छेडतात. पण तिची एक वेगळी वादनपद्धती आहे, तिला 'स्लॅप' म्हणतात. अंगठ्याच्या सांध्याची हाडाची कड जाड तारेवर आपटायची, की तार पडद्यांवर आदळून ठणका उठतो. लगेच तर्जनी बारीक तारेखाली घालून ती ओढून सोडायची, की चटका बसल्यासारखा आवाज येतो. डाव्या हाताने नको त्या तारा दाबून मुक्या ठेवायच्या. ढोलकीच्या एका तोंडावरचा घुमारा आणि दुसऱ्या तोंडावरची कडक थाप यांचाच हा तारेवरचा अवतार आहे. तार आणि ताल यांचे लग्न आपल्याला नवीन नाही. तुणतुण्याच्या तळाला कातडे असते आणि तार त्यातूनच निघते, हे खडी गंमत पाहणाऱ्याला सांगायला नको.

ही पद्धत जन्मली कशी, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील लॅरी ग्रॅहम, जन्म १९४६, हा तरुणपणी आपल्या आईबरोबर छोट्या जागी गाण्याचे कार्यक्रम करीत असे. ऑर्गन बिघडला, खर्ज कोण देणार, म्हणून त्याने तात्पुरती एक बेस भाड्याने आणली. पुढे ड्रम वाजवणाराही राहिला नाही. तेव्हा मोठ्या ढोलाचा ठोका अंगठ्याने आणि छोट्या ढोलाचा ठोका तार ओढून, असे दोन्ही तो एकाच गिटारीवर काढू लागला. नंतर तो स्लाय अँड द फॅमिली स्टोन या वाद्यवृंदात गेला, आणि १९६९ च्या अखेरीस निघालेल्या त्यांच्या 'थँक यू' या गाण्यातून ही थाप जगभर पोहोचली. सांगायचा मुद्दा हा की, स्लॅप श्रीमंतीतून आलेला नाही. माणसे कमी, साधने कमी आणि गिटार भाड्याची, अशा टंचाईतून तो आला आहे. म्हणूनच 'चांगला स्लॅप हवा तर महागडी गिटार हवी' हे म्हणणे मला मुळातच उलटे वाटते.

याचा अर्थ कोणतीही स्वस्त गिटार चालेल असा मात्र नाही. या पद्धतीच्या स्वतःच्या काही मागण्या आहेत, आणि त्या नावाशी किंवा रंगाशी संबंधित नाहीत. नागपूरच्या दुकानांतून चार-सहा गिटारी हातात घेऊन, वाजवणाऱ्यांना विचारून मी जे मत बनवले ते क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट मान. गिटारीची मान सरळ असली पाहिजे. ती तपासायला मोजपट्टी लागत नाही, तारच मोजपट्टी होते. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरावी आणि सातव्या पडद्यापाशी डोळा न्यावा. तार आणि पडदा यांच्यात जाड कागद जाईल एवढी फट असावी. फट फार मोठी असेल तर मान पुढे वाकली आहे. मुळीच नसेल तर मागे. मानेच्या आत एक लोखंडी गज असतो, तो फिरवून हा बाक दुरुस्त होतो. दुकानदाराला तो आपल्यासमोर फिरवायला सांगावे. फिरत नसेल तर ती गिटार कितीही स्वस्त असो, तिथेच ठेवून बाहेर पडावे. मान पिळवटलेली असेल तरी तेच.

दुसरी गोष्ट पडदे. चारही तारांवर प्रत्येक पडदा दाबून स्वर काढावा. एखाद्या ठिकाणी स्वर मेल्यासारखा वाटला किंवा तेवढ्याच जागी खरखर आली, तर पडदे असमान आहेत. स्लॅपमध्ये तार पडद्यांवर आपटायचीच असल्यामुळे हा दोष लपत नाही, उलट दसपट होतो. याउलट, तारा पडद्यांपासून फार उंच आहेत एवढ्यावरून गिटार नाकारू नये. ही उंची घोडीवरचे छोटे स्क्रू फिरवून दहा मिनिटांत कमी करता येते. स्लॅपला तारा खालीच हव्यात, नाहीतर अंगठा दमतो आणि ठणका निघत नाही.

तिसरी गोष्ट जागा. तर्जनी तारेखाली शिरली पाहिजे, म्हणून तारांत अंतर हवे. फेंडरच्या चार तारी गिटारीत घोडीपाशी हे अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते. स्वस्तातल्या पाच तारी गिटारीत ते बहुधा कमी भरते. तेव्हा पाचव्या तारेचा मोह शिकाऊ माणसाने सोडावा. तसेच मान संपते तिथून पिकअपपर्यंत बोट खाली घालायला मोकळी जागा असावी. चोवीस पडद्यांच्या गिटारीत मान पुढे सरकलेली असते आणि नेमकी हीच जागा आकसते. वीस-एकवीस पडदे आपल्याला पुरून उरतात.

चौथी गोष्ट पिकअप, म्हणजे तारेचा कंप विजेत बदलणारी लोहचुंबकाची पट्टी. यावर दुकानांत सर्वांत जास्त व्याख्यान ऐकू येते. १९६० मध्ये फेंडरने काढलेल्या जॅझ बेसला असे दोन पिकअप असतात. दोन्ही पूर्ण उघडले की मधले स्वर थोडे दबतात, खर्ज आणि खणखणीतपणा वर येतो, आणि स्लॅपला तेच हवे असते. फेंडरच्याच स्वस्त शाखेचे, स्क्वायरचे, याच धर्तीचे नमुने मिळतात. एक प्रिसिजन पद्धतीचा आणि एक जॅझ पद्धतीचा असे मिश्र पिकअप असलेली यामाहाची टीआरबीएक्स १७४ ही गिटारही या कामाला चांगली. १९७६ साली म्युझिक मॅन कंपनीची स्टिंगरे आली, तेव्हापासून बॅटरीवर चालणाऱ्या 'ॲक्टिव्ह' गिटारींचा स्लॅपशी संबंध जोडला गेला. त्यांचा आवाज तरतरीत असतो हे खरे. पण त्यांना नऊ व्होल्टची बॅटरी लागते, आणि वायर गिटारीला जोडलेली राहिली की ती गुपचूप उतरत जाते. ऐन कार्यक्रमात ती संपली आणि आपल्या बाजारात मिळाली नाही, तर गिटार मुकी. म्हणून आपल्यासारख्यांनी बिनबॅटरीची, 'पॅसिव्ह' गिटार घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. यामाहाच्याच टीआरबीएक्स ३०४ वर स्लॅपसाठी म्हणून एक खास जागा असलेले बटण आहे. ते आवाजाला वळण देते, अंगठ्याला मात्र देत नाही. ते वळण सरावानेच येते.

पाचवी गोष्ट तारा, आणि ही सर्वांत जास्त दुर्लक्षित. नव्या, गोल वेटोळ्याच्या तारा चढवलेली साधी गिटार जुन्या मेलेल्या तारांच्या महागड्या गिटारीपेक्षा स्लॅपमध्ये सरस ठरते. आपल्याकडच्या पावसाळी हवेने आणि हाताच्या घामाने तारा लवकर मंद होतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसाव्यात. नव्या घेणे जमत नसेल तर जुन्या काढून पाण्यात उकळाव्यात आणि पूर्ण कोरड्या करून चढवाव्यात. काही दिवस तरी त्यांना पुन्हा चमक येते. ही युक्ती जगभरचे वादक करतात, त्यात कमीपणा नाही.

आता पैशाचा हिशेब. ओळखीच्या कंपनीची नवी, सुरुवातीची बेस आज वीस हजारांच्या आगेमागे पडते. जवळ जेवढे पैसे असतील ते सगळे गिटारीवर घालू नयेत. चौथा हिस्सा तारा, वायर, पट्टा, एकदाची नीट जुळणी आणि आवाजाची सोय यांसाठी राखावा. आवाजाची सोय म्हणजे मोठा ॲम्प्लिफायर नव्हे. सरावाला हेडफोनवर चालणारे छोटे यंत्र पुरते. कार्यक्रमात मांडवातल्या ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरला जोडता येते. साध्या गिटारीच्या छोट्या ॲम्प्लिफायरवर बेस मोठ्याने वाजवू नये, त्याचा पडदा फाटण्याची भीती असते. नवी परवडत नसेल तर वापरलेली घ्यावी. वर सांगितलेली मानेची आणि पडद्यांची परीक्षा तिलाही तशीच लागू आहे, आणि परीक्षेत उतरलेली जुनी गिटार अर्ध्या पैशात मिळाली तर तिच्यावरचे ओरखडे वाजत नाहीत. घरपोच मागवणाऱ्यांनी मात्र सावध असावे. ज्या वस्तूची मान डोळ्यांनी पाहता येत नाही, ती परत घेण्याची लेखी हमी असल्याशिवाय मागवू नये. धानोऱ्याहून पार्सल परत पाठवणे किती सोपे असते, हे आपण सारे जाणतो.

मुलींना हे वाद्य पेलत नाही, असेही कोणी म्हणते. मुंबईत वाढलेली मोहिनी डे कोवळ्या वयातच मोठमोठ्या वादकांच्या साथीला बसली, आणि तिचा स्लॅप आज देशाबाहेरही ऐकला जातो. प्रश्न हाताच्या मापाचा नाही. फक्त गिटार उभे राहून, पट्टा लावून पाहावी. मान खाली झुकत असेल तर खांदा दुखतो, आणि ही अडचण मुलामुलींना सारखीच.

शेवटी एक सूचना. आपल्या शेजारच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाची रीत अशी की, आधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा आणि मग बहुमताने नव्हे तर सर्वांच्या संमतीने ठरवायचे. जंगलासाठी जी रीत चालते ती चार तारांच्या वाद्यासाठी का चालू नये? एकट्याने कर्ज काढून, बापाच्या चुकाऱ्याला हात घालून गिटार घेण्यापेक्षा पाच-सहा जणांनी वर्गणी करावी, किंवा महाविद्यालयाच्या सांस्कृतिक मंडळाने एक गिटार घ्यावी. ती कपाटात कुलूपबंद न ठेवता नोंदवहीत नाव लिहून आठवडा-आठवडा घरी न्यावी. दरमहा प्रत्येकाने थोडे पैसे तारांसाठी जमा करावेत. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत पाश्चात्त्य वाद्यवादन आणि समूहगान यांच्या स्पर्धा असतात. तिथे आपल्या भागातून कोणी उतरायचे असेल तर सुरुवात अशीच होईल.

आणि गिटार हाती आली की परक्या गाण्यांची नक्कल करण्यात सगळा वेळ घालवू नये. रेला नाचातला मांदरीचा ठेका अंगठ्यावर बसवून पाहावा, दंडारीची चाल तारेवर आणून पाहावी. ते जमले तर 'धानोऱ्यात बेस गिटार कशाला' हा प्रश्न पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही. आणि तोवर ज्या मित्राला ती घ्यायची आहे त्याने एवढेच करावे : गिटारीच्या डोक्यावरचे नाव वाचण्याआधी तिची मान पाहावी.