किल्ली बरोबर, तरी दार उघडेना

घरात दोन-तीन संगणक असणे आता नवलाचे राहिलेले नाही. जुन्या संगणकावर हिशेब आणि छायाचित्रांचा साठा असतो, नवा लॅपटॉप दुसऱ्या खोलीत असतो, आणि एकावरून दुसऱ्यात शिरण्यासाठी ‘सिक्युअर शेल’ म्हणजेच एसएसएच वापरले जाते. फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी १९९५ साली ते निर्माण केले. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यात जाता-येता पासवर्ड चोरले गेले होते, हे त्याचे निमित्त.

पासवर्डऐवजी यात किल्ल्यांची जोडी वापरता येते. गुप्त किल्ली स्वतःच्या संगणकावर राहते. जाहीर किल्ली समोरच्या संगणकातील ‘ऑथोराइज्ड कीज’ या यादीत लिहावी लागते. गुप्त किल्ली जाळ्यावरून कधीच प्रवास करत नाही, जाते ती केवळ तिने केलेली सही.

एवढे करूनही पुष्कळदा ‘परमिशन डिनाइड’ हेच उत्तर येते, किंवा निमूटपणे पासवर्ड विचारला जातो. मग मनुष्य किल्लीवर संशय घेतो आणि नव्या जोड्या घडवत बसतो. दोष बहुधा किल्लीत नसतो. ज्या कप्प्यात यादी ठेवली आहे, तो कप्पा इतरांना लिहिण्यास खुला असेल, तर एसएसएच त्या यादीकडे पाहतच नाही. हा हट्ट रास्तच आहे, कारण दुसऱ्या कोणी तेथे आपली किल्ली लिहून ठेवली तर कुलपाला अर्थ काय? म्हणून एसएसएचच्या कप्प्याची परवानगी ७०० आणि यादीची ६०० ठेवावी. वापरकर्त्याचा मूळ कप्पाही इतरांना लिहिण्यास बंद असावा. नेमके हेच तपासायचे राहून जाते. वैतागून सर्वांना ७७७ देणारे पुष्कळ, आणि त्याने दार अधिकच घट्ट बंद होते.

जाहीर किल्ली चिकटवताना तिची एक ओळ तुटून दोन झाली, तरीही ती निरुपयोगी होते. गुप्त किल्ली पेनड्राइव्हवरून दुसऱ्या यंत्रात नेली, तर तिची परवानगी सैल होते आणि एसएसएच ती नाकारते. मुळात ती न्यावीच कशाला? प्रत्येक यंत्रावर वेगळी जोडी करावी.

नकाराचे खरे कारण दार ठोठावणाऱ्याला मुद्दामच सांगितले जात नाही. तो चोरही असू शकतो. आज्ञेला ‘व्ही’ हा पर्याय जोडल्यास कोणती किल्ली पुढे केली गेली एवढे दिसते. कारण मात्र समोरच्या यंत्राच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्येच सापडते. २०२१ नंतरच्या ओपनएसएसएचने आरएसएची जुनी सही-पद्धत आपणहून बंद केली आहे. त्यामुळे फार जुन्या संगणकाशी गाठ पडली, की परवानग्या ठीक असूनही नकार येतो. दोन्हीकडे चालत असेल तर ‘ईडी२५५१९’ जातीची नवी किल्ली घडवावी.

यंत्राची ओळख बदलल्याची मोठ्या अक्षरांतील सूचना ही मात्र निराळी गोष्ट. राऊटरने जुना पत्ता दुसऱ्याच यंत्राला दिला, किंवा संगणकावर प्रणाली नव्याने बसवली, की ती दिसते. कारण ठाऊक असेल तर जुनी नोंद काढावी. ठाऊक नसेल तर काढण्यापूर्वी त्या यंत्रासमोर बसून त्याचा ठसा अक्षर-अक्षर ताडून पाहावा. घरातल्या संगणकासाठी त्याला शेजारच्या खोलीपर्यंत चालत जावे लागते, एवढेच.