नाशिकची शिराझ : चव कोणाची, नाव कोणाचे?

नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या परिसरात द्राक्षमळ्यांची आणि वाइनरींची जी नवी वसाहत उभी राहिली आहे, तेथे शनिवार-रविवारी एक विधी चालतो. मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांपुढे उंच दांडीचे पेले मांडले जातात. त्यांत दोन-तीन घोटांपुरतीच शिराझ ओतली जाते. प्रथम पेला तिरका धरून पांढऱ्या कागदावर तिचा गडद जांभळा रंग पाहावयाचा. मग तो हलकेच गोल फिरवून गंध घ्यावयाचा. नंतर लहानसा घोट जिभेवर खेळवावयाचा आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते याकडे लक्ष द्यावयाचे. मार्गदर्शक समुद्रसपाटीपासूनची सुमारे ६०० मीटर उंची सांगतो, थंड रात्री सांगतो, जमिनीचा निचरा सांगतो, ओकच्या पिंपांचे माहात्म्य सांगतो. या निरूपणात एक प्रश्न मात्र सहसा उपस्थित होत नाही : ही वेल छाटली कोणी?

पुरोगामी वर्तुळात या विधीविषयी दोन प्रतिक्रिया आढळतात. पहिली तुच्छतेची : हे श्रीमंतांचे चोचले आहेत, श्रमिकांच्या पक्षाला त्यांच्याशी काय कर्तव्य? दुसरी कौतुकाची : वाइन हा शेतीमालावरील प्रक्रिया-उद्योग आहे, त्यातून द्राक्षबागायतदाराचे भले होईल, तेव्हा नाके मुरडू नयेत. वरवर पाहता या भूमिका परस्परविरोधी आहेत. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच चूक आहे. चव ही पिणाऱ्याची आणि विकणाऱ्याची मालमत्ता आहे, हे दोघांनीही विनातक्रार मान्य करून टाकले आहे. ज्याच्या हातून ती चव निर्माण झाली तो दोघांच्याही हिशेबात नाही.

शिराझ हे द्राक्ष मुळात नाशिकचे नव्हे. इराणातील शिराझ शहरातून ते युरोपात गेले, ही आख्यायिका बराच काळ प्रचलित होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया आणि माँपेलिए येथील संशोधकांनी केलेल्या डीएनए तपासणीत ती निराधार ठरली. आग्नेय फ्रान्समधील दुरेझा आणि माँद्यूज ब्लांश या दोन जातींच्या संकरातून हे द्राक्ष जन्मले, असे सिद्ध झाले. फ्रान्समध्ये त्याला ‘सिरा’ म्हणतात. जेम्स बस्बीने १८३२ साली युरोपातील वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात नेल्या, त्यांत हीही जात होती. शिराझ हे नाव जगभर रूढ झाले ते प्रामुख्याने ऑस्ट्रेलियामुळे. वेल परकी, नाव परके, पिंपही बहुधा परके. मग ‘नाशिकची शिराझ’ या शब्दप्रयोगातील नाशिक नेमके कोठे आहे?

वाइनचे जाणकार उत्तर देतील : मातीत आणि हवेत. हे उत्तर अर्धेच खरे आहे. फ्रान्समध्ये हिवाळा कडक असतो. वेलीची पाने गळतात, ती झोपी जाते, त्या काळात एकदा छाटणी होते आणि वसंतात तिला आपोआप फूट येते. नाशिकमध्ये असा हिवाळा नाही. वेल झोपतच नाही. म्हणून तिच्यावर वर्षातून दोनदा कात्री चालवावी लागते. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी होते : ओलांड्यावरील काड्या एक-दोन डोळ्यांवर आखूड कापतात, नव्या काड्या वाढवतात आणि त्या काड्यांत पुढच्या घडांचे डोळे तयार होतात. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते आणि मग फळ धरते. छाटण्या दोन, पीक एक. दोन छाटण्यांच्या मध्ये फुटी काढणे, शेंडे खुडणे, काड्या तारेला बांधणे ही कामे. नंतर डाऊनी आणि भुरी यांच्या धाकाने होणाऱ्या फवारण्या. आणि अखेरीस ऊन चढण्यापूर्वी घड थंड असतानाच उरकावयाची तोडणी.

याचा अर्थ स्पष्ट आहे. युरोपात निसर्ग जे काम फुकट करतो, ते नाशिकमध्ये मजुराचा हात करतो. या शिराझच्या प्रादेशिकतेचा सर्वांत मोठा घटक माती नाही, उंची नाही. तो माणसाचा हात आहे. जो मार्गदर्शक उंची सांगतो आणि हात सांगत नाही, तो पाहुण्यांना चवीचे अर्धेच ज्ञान देतो, आणि तेही सोयीचे अर्धे.

हे हात कोणाचे? पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील कोकणा, वारली आणि महादेव कोळी कुटुंबांचे. घरचे भात आणि नागलीचे पीक पावसावर अवलंबून. ते निघाले की पोट भरण्यासाठी दिंडोरी-निफाडच्या बागांत यावे लागते. गिरणारे येथे सकाळच्या प्रहरी मजुरांचा बाजार भरतो. तेथून टोळ्या एकरी उक्त्या दराने उचलल्या जातात. करार तोंडी, हजेरी मुकादमाच्या वहीत आणि निवारा बहुधा बागेच्या कडेला ताणलेल्या प्लास्टिकचा.

या श्रमात एक धोका असा आहे की ज्याची वार्ता पेल्यापर्यंत पोहोचत नाही. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावण्याची पद्धत द्राक्षबागांत रूढ आहे. बागेत या कामाला ‘पेस्टिंग’ म्हणतात. हे रसायन कातडी भाजते. शिवाय त्याच्या संपर्कात आलेल्या माणसाने त्या काळात मद्य घेतल्यास देहात मद्याचे पचन अडते आणि चेहरा लाल होणे, धडधड, धाप लागणे अशी लक्षणे उद्भवतात. युरोपीय संघाने २००८ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. म्हणजे ज्या हातांनी वेलीला जागे करावयाचे, त्या हातांच्या धन्याला त्या दिवसांत वाइनचा घोट अपायकारक ठरावा, अशी ही व्यवस्था आहे. याहून कठोर उपरोध कोणत्याही प्रचारकाला कल्पनेने रचता आला नसता.

आता खुद्द चवीच्या भाषेकडे वळू. शिराझचे वर्णन करताना ब्लॅकबेरी, प्लम आणि काळी मिरी हे शब्द हटकून येतात. मिरीचा गंध हा कविकल्पनेचा भाग नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियन संशोधकांनी शिराझमधील ‘रोटंडोन’ हे द्रव्य ओळखले, आणि तेच द्रव्य काळ्या मिरीतही असते असे दाखवून दिले. त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट आढळली : सुमारे पाचातल्या एका माणसाला हा गंध मुळीच येत नाही. ती शरीराची ठेवण आहे, संस्कृतीचा अभाव नव्हे. पेल्याभोवती जमलेल्या मंडळींतही असा पाचवा मनुष्य असतोच. तो शेजाऱ्याकडे पाहून मान डोलावतो आणि रसिक ठरतो.

आणि ब्लॅकबेरी? ती या मुलखात किती जणांनी झुडपावरून तोडून खाल्ली आहे? सुरगाण्याच्या ज्या बाईने लहानपणापासून रानातील करवंदे आणि जांभळे वेचली, टोपलीत भरून रस्त्याकडेला विकली, तिच्या जिभेला करवंदाचा आंबट-गोड गर आणि जिभेला मिठी बसवणारा जांभळाचा तुरटपणा यांतील भेद कोणी शिकवावा लागत नाही. शिराझच्या टॅनिनचा जो तुरटपणा पाहुण्याला शब्दांनी समजावून सांगावा लागतो, तो तिच्या अनुभवातला आहे. तरीही आस्वादाच्या दालनात ती अडाणी आणि ब्लॅकबेरी न पाहिलेला पर्यटक जाणकार! रसिकता वर्गाने ठरते, जिभेने नव्हे, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

शासनाच्या लेखी तर हा भेद कायद्याच्या भाषेत उतरला आहे. मोहाच्या फुलांवर मुंबई इलाख्यात १८९२ च्या कायद्याने निर्बंध आले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही ते कायम ठेवले. आदिवासींचे अन्न, औषध आणि सणाचे पेय असलेले हे फूल बाळगणे वर्षानुवर्षे संशयाचे कारण ठरले; फुलांवरील निर्बंध सैल झाले ते २०२१ मध्ये. उलट द्राक्षांच्या वाटेवर २००१ सालीच पायघड्या अंथरल्या गेल्या. त्या वर्षीच्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट मिळाली. विंचूर आणि पलूस येथे वाइन उद्योगासाठी उद्याने आखली गेली. मोह वेचणारी आणि द्राक्षे तोडणारी माणसे अनेकदा एकाच पाड्यावरची असतात. एका फुलासाठी तीच माणसे गुन्हेगार आणि एका फळासाठी तीच बिननावाची मजूर. सवलत मात्र दोन्ही वेळा दुसऱ्याचीच.

शेतकऱ्याच्या हिताचा जो डंका पिटला जातो, त्याचीही शहानिशा करावयास हवी. २००८ च्या नोव्हेंबरातील मुंबईवरील हल्ला आणि जागतिक मंदी यांमुळे वाइनचा खप घसरला, तेव्हा वाइनची द्राक्षे लावलेल्या अनेक बागायतदारांना ग्राहक उरला नाही आणि कित्येकांनी वेली उपटून टाकल्या. ही द्राक्षे टेबलावर खाण्याच्या उपयोगाची नाहीत. कारखान्याने पाठ फिरवली की दुसरी बाजारपेठ नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांत वाइनविक्रीस मान्यता दिली, तेव्हाही शेतकऱ्याचेच नाव पुढे करण्यात आले. विरोध झाला आणि अंमलबजावणी रखडली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नाशिकच्या सर्वांत मोठ्या वाइन कंपनीचे समभाग बाजारात आले. सुमारे ९६० कोटी रुपयांची ही सारी विक्री जुन्या भागधारकांनी आपले हिस्से विकण्याची होती; नवे भांडवल कंपनीत आले नाही, मग वेलीच्या मुळाशी कोठून जाणार? चवीचे नाणे झाले, ते कोणाच्या पदरात पडले, हे यावरून दिसते.

पक्षातील काही ज्येष्ठ कार्यकर्ते येथे आक्षेप घेतील. दारूने ज्या घरांची राखरांगोळी झाली, त्यांच्या बाजूने लढणाऱ्या चळवळीने मद्याच्या चवीची चर्चा करावी काय? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे वजन कमी लेखण्याचे कारण नाही. शिराझमध्येही १३-१४ टक्के मद्यार्क असतो. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे २०२२ मध्ये ऐकू आलेले वचन रसायनशास्त्राला मान्य नाही. गावोगावच्या स्त्रियांनी आडव्या बाटलीला मत देऊन दुकाने बंद पाडली, त्या लढ्याशी पक्षाचे नाते अतूटच राहिले पाहिजे. परंतु मद्य पिऊ नये असे सांगणे वेगळे आणि ते निर्माण करणाऱ्या मजुराकडे पाहू नये असे ठरवणे वेगळे. विडी ओढू नये असे मानणाऱ्यांनीच विडी कामगारांच्या संघटना बांधल्या. त्यात विसंगती नव्हती, कर्तव्यबुद्धी होती. द्राक्षमळ्यातील टोळी संघटनेविना राहिली, तर त्याला एक कारण हेही आहे की तिच्या मालाचा उच्चार करण्यासही सज्जनांना संकोच वाटला.

हा संकोच आता सोडला पाहिजे आणि मागण्या नेमक्या शब्दांत मांडल्या पाहिजेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्याला निश्चित मालक नव्हता अशा हमालाला मंडळ, नोंदणी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. द्राक्षबागेतील टोळ्यांसाठी त्याच धर्तीचे मंडळ का होऊ नये, आणि त्याचा खर्च प्रत्येक बाटलीवरील अधिभारातून का वसूल होऊ नये? पेस्टिंग आणि फवारणी करणाऱ्याला हातमोजे, मुखवटा आणि वैद्यकीय तपासणी हे उपकार नव्हेत, कराराच्या अटी झाल्या पाहिजेत. समान कामास समान वेतन हे तत्त्व देशाच्या कायद्यात १९७६ साली आले. ते मुकादमाच्या वहीत उतरले पाहिजे. वाइनची द्राक्षे लावणाऱ्या शेतकऱ्याला मंदीतही टिकणारा लेखी भावाचा करार हवा. आणि शासन वाइनला करात जी सवलत देईल, ती या अटी पाळणाऱ्यालाच मिळाली पाहिजे.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला किसान सभेचा मोर्चा १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर होता. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीची माणसे मोठ्या संख्येने होती. मागणी वनजमिनीच्या हक्काची होती. तो द्राक्षतोडणीचा हंगाम होता. त्या रक्ताळलेल्या पावलांची छायाचित्रे पाहून शहरातील पुष्कळांना हळहळ वाटली. परंतु त्याच माणसांचे हात त्याच मोसमात कोणत्या वेलीवर चालतात, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. पाय दिसले, हात दिसले नाहीत.

‘नाशिक व्हॅली’ या नावाला भौगोलिक चिन्हांकन मिळालेले आहे. प्रदेशाच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. ज्यांच्या दोन छाटण्यांवाचून त्या प्रदेशात एक घडही लागत नाही, त्यांच्या नावाला कोणतेही संरक्षण नाही. ज्याला शिराझचा आस्वाद घ्यावयाचा आहे, त्याने खुशाल घ्यावा. ज्याला वर्ज्य आहे, त्याने पेल्याला स्पर्शही करू नये. परंतु कात्री धरणाऱ्या हाताचा हिशेब मागणे हे दोघांचेही काम आहे. नाशिक तालुक्यातील आणि दिंडोरी-निफाडमधील शाखांनी त्याचा आरंभ येत्या गोडी छाटणीपूर्वी, गिरणारेच्या बाजारात उभे राहून करावा.