लाल शाईने खोडलेली जबान

पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला एक मुलगा रॅप गातो आणि आमच्या मोहल्ल्यातील शहाणी माणसे तौबा तौबा करतात. अल्ताफ शेख ऊर्फ एम. सी. स्टॅन, जन्म १९९९चा. लहानपणी कव्वाल्या गाणारा हा मुलगा पुढे रॅपकडे वळला. २०२० साली 'तडीपार' आणि २०२२ साली 'इन्सान' हे त्याचे अल्बम आले. फेब्रुवारी २०२३मध्ये 'बिग बॉस'चे सोळावे पर्व त्याने जिंकले. पुढच्याच महिन्यात इंदूरमधला त्याचा कार्यक्रम करणी सेनेने बंद पाडला. कारण काय, तर गाण्यांतल्या शिव्या. आमच्या पालकसभेतही हीच तक्रार असते : "सर, हा पोरांना बिघडवतोय."

आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. आमचे म्हणणे असे की, पोरांना त्याच्याकडे ढकलले ते आम्हीच.

आमच्या वर्गातील मुले घरी दखनी बोलतात. त्यांचे 'नक्को' मराठीच्या 'नको'तून आले आहे. पण उर्दूच्या तासाला आम्ही 'नक्को' खोडतो, कारण ते लखनौला चालत नाही. मराठीच्या तासाला त्यांचे लिंग-वचन चुकते, म्हणून पुन्हा लाल शाई. नववीतल्या एका मुलाने नळावरच्या भांडणाचे वर्णन अगदी आईच्या बोलीत लिहिले होते. वाचताना आम्हांला हसू आले, डोळेही भरून आले. आणि गुण दिले दहापैकी तीन! आईच्या भाषेला तीन गुण मिळतात हे ज्या मुलाला कळले, तो पुढे निबंध कशाला लिहील?

स्टॅनने नेमकी हीच खोडलेली जबान उचलली. त्याचा ठेका संथ, ट्रॅप पद्धतीचा, खाली बासचा घुमारा. ऑटोट्यूनमधून गेलेला त्याचा आवाज कधी गातो, कधी कुरकुरतो. त्या ठेक्यावर 'हक से' आणि 'शेमडी' एका दमात येतात. एक शब्द अरबीतून उर्दूत आलेला, दुसरा आपल्या मराठीतला 'शेंबडी'. 'तडीपार' तर थेट पोलीस ठाण्याच्या कागदावरचा शब्द; त्याने तो आपल्या अल्बमच्या कपाळी लावला. आमच्या व्याकरणाने वेगळे केलेले शब्द त्याने पुन्हा एका ताटात वाढले.

म्हणून त्याचे सगळेच माफ करावे काय? मुळीच नाही. त्याच्या कित्येक ओळींत बाई म्हणजे शिवी देण्याची जागा. वर्गात मुलीही बसतात, त्या ओळी त्यांच्याही कानांवर पडतात. वस्तीचे दुःख सांगायला वस्तीतल्याच आई-बहिणीची अब्रू काढावी लागत नाही. बार्शीच्या अमर शेखांनी डफावर थाप मारून मैदाने हलवली, त्यासाठी त्यांना शिवीचा आधार घ्यावा लागला नाही. आणि ८० हजारांच्या बुटांची फुशारकी ऐकणाऱ्या पोराच्या पायात फाटकी चप्पल आहे, हेही त्याने विसरू नये.

पण हे त्याला सुनावण्याचा अधिकार कोणाला? १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हाही भाषेवरूनच गहजब झाला होता. आज तो अभ्यासक्रमात शिकवला जातो. १९९०मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आम्हीही मराठीच आहोत, आमचा आवाज ऐका, असे तेव्हापासून आपण मराठी समाजाला सांगत आलो. मग आपल्याच वस्तीतला आवाज आला की आपण कान का झाकतो? तीस वर्षे अंक काढले, परिसंवाद घेतले. पण ताडीवाला रोडच्या पोराच्या हाती आपले एक तरी पुस्तक गेले काय?

शिव्यांवर बंदी घालून भाषा सुधारत नाही. मुलाला आपले दुःख आपल्या बोलीत लिहू द्यावे लागते, वाचून त्याची पाठ थोपटावी लागते, मग त्यातली शिवी कुठे अनावश्यक आहे हे त्याच्याशी बसून बोलावे लागते. हे काम मौलवींचे नाही, करणी सेनेचे तर नाहीच. ते आमचे आहे. आणि त्या नळावरच्या निबंधाचे सात गुण आम्ही अजून देणे लागतो.