‘सायबरपंक २०७७’: ज्या गेमचे पैसे परत मागितले गेले, तोच गेम आज लाडका कसा झाला?

१० डिसेंबर २०२०. भारतात पहाटेचे साडेपाच वाजले आणि त्याच क्षणी जगभरातल्या कॉम्प्युटरवर ‘सायबरपंक २०७७’ हा गेम एकदम खुला झाला. आठ वर्षांपूर्वी घोषणा, तीन वेळा पुढे ढकललेली तारीख, हॉलिवूड अभिनेता कियानू रीव्हज मुख्य भूमिकेत आणि ८० लाख प्री-ऑर्डर. म्हणजे ८० लाख लोकांनी गेम न बघताच पैसे मोजलेले होते. पहिल्याच दिवशी ‘स्टीम’ या प्लॅटफॉर्मवर एकाच वेळी १० लाखांहून जास्त लोक हा गेम खेळत होते. एकट्याने खेळायच्या गेमसाठी तो तेव्हाचा विक्रम होता.

आठवडाभरात सोनीने हा गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि विकत घेणाऱ्यांना पैसे परत करायला सुरुवात केली. इतक्या मोठ्या गेमच्या बाबतीत असं सहसा घडत नाही.

आज त्याच गेमबद्दल खेळाडूंना विचारलं, तर बहुतेक जण त्याला गेल्या काही वर्षांतल्या सर्वोत्तम गेमपैकी एक म्हणतील. हे नेमकं कसं घडलं? आणि खेळाडूंचं मत बदललं असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं कोणत्या खेळाडूंचं?

गेम काय आहे?

‘सायबरपंक २०७७’ हा ओपन वर्ल्ड अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग गेम आहे. ओपन वर्ल्ड म्हणजे एकामागून एक लेव्हल पार करायची सक्ती नाही, अख्खं शहर मोकळं असतं. हवं तिथे फिरा, हवं ते काम घ्या. रोल-प्लेइंग म्हणजे आपलं पात्र आपणच घडवायचं: त्याचं रूप, त्याची कौशल्यं, त्याचे निर्णय.

इथलं शहर आहे नाइट सिटी. सरकारपेक्षा कंपन्या मोठ्या झालेलं, माणसांनी हातापायांत, डोळ्यांत, मेंदूत यंत्रं बसवून घेतलेलं भविष्य. खेळाडू असतो ‘व्ही’ नावाचा भाडोत्री लढवय्या (किंवा लढवय्यी). एका फसलेल्या दरोड्यात व्हीच्या डोक्यात एक चिप बसते आणि त्या चिपमध्ये असतो जॉनी सिल्व्हरहँड, पन्नासेक वर्षांपूर्वी मेलेला रॉकस्टार. तो हळूहळू व्हीच्या मेंदूचा ताबा घेतोय. थोडक्यात, नायक मरतोय आणि त्याचा खुनी त्याच्याच डोक्यात बसून त्याच्याशी गप्पा मारतोय. ही मूळ दुनिया अमेरिकी डिझायनर माइक पाँडस्मिथ यांच्या १९८८ सालच्या टेबलावर बसून खेळायच्या गेममधली.

बनवणारी कंपनी पोलंडची, सीडी प्रोजेक्ट रेड. २०१५ च्या ‘द विचर ३’मुळे या कंपनीवर गेमर मंडळींचा विश्वास जवळजवळ आंधळा होता. पुढची सगळी गोष्ट या विश्वासाची आहे.

एकच गेम, दोन अनुभव

पहिल्या आठवड्यातल्या प्रतिक्रिया वाचल्या, तर लोक दोन वेगवेगळ्या गेमबद्दल बोलतायत असं वाटेल. महागडं ग्राफिक्स कार्ड असलेले कॉम्प्युटरवाले पावसात भिजलेल्या रस्त्यांवरचे निऑन दिवे दाखवत होते. बग त्यांनाही होते, पण गेम खेळता येत होता. दुसरीकडे प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवाले दाखवत होते ते डोळे-नाक नीट न उमटलेले चेहरे, आपण शेजारून पुढे गेल्यावर मग दिसू लागणाऱ्या भिंती, अडखळत चालणारं चित्र आणि दर थोड्या वेळाने बंद पडून कन्सोलच्या मुख्य पडद्यावर परत येणारा गेम.

परीक्षणांचे आकडेही तेच सांगत होते. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर पीसीचा गुणांक ८५ च्या आसपास आणि प्लेस्टेशन ४ चा ६० च्या खाली. एकाच गेमच्या दोन आवृत्त्यांत एवढी दरी क्वचितच दिसते.

कॉम्प्युटरवाल्यांचंही सगळं आलबेल नव्हतंच. त्यांच्याकडे एक विचित्र बग होता: सेव्ह फाइल ८ एमबीच्या वर गेली की ती खराब व्हायची. म्हणजे जो जास्त मन लावून खेळला, ज्याने जास्त वस्तू गोळा केल्या, त्याचीच पन्नास-साठ तासांची मेहनत पाण्यात. हा बग डिसेंबर संपायच्या आत दुरुस्त झाला. पोलिसांचा विषय मात्र बरीच वर्षं चेष्टेचा राहिला. निर्जन गच्चीवर गुन्हा केला तरी पोलिस पाठीमागे हवेतून प्रकट व्हायचे आणि गाडी घेऊन दोन गल्ल्या पुढे गेलं की सगळं विसरून जायचे.

राग बगचा नव्हता

बग मोठ्या गेममध्ये असतातच आणि गेमर ते पोटात घालतात. ‘स्कायरिम’सारख्या गेममधले बग तर लोक प्रेमाने आठवतात. इथे चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची.

गेम येण्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती देण्यात आली होती. शिवाय सुरुवातीच्या परीक्षणांत त्यांनी स्वतः रेकॉर्ड केलेलं चित्रण दाखवायचं नाही, कंपनीने दिलेलंच वापरायचं, अशी अट होती. त्यामुळे जुन्या कन्सोलवर गेम कसा चालतो हे विक्री सुरू होईपर्यंत ग्राहकाला कळायला मार्गच नव्हता. त्याच्या काही दिवस आधीच कंपनीच्या वरिष्ठांनी गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की साध्या कन्सोलवरही गेम आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतोय.

तांत्रिक कारण समजण्यासारखं आहे. खुलं शहर एकाच वेळी मेमरीत मावत नाही. आपण पुढे जाऊ तसा पुढचा भाग डिस्कवरून उचलायचा आणि मागचा सोडून द्यायचा, असं चालतं. प्लेस्टेशन ४ हे २०१३ चं यंत्र, त्यात फिरणारी जुनी हार्ड डिस्क. नाइट सिटीची गर्दी तिला झेपत नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी व्हिडिओतून जाहीर माफी मागितली, तेव्हा त्यांनी हेच कारण दिलं. मात्र आमच्या चाचण्यांत यातलं बरंचसं दिसलंच नाही, हे त्यांचं म्हणणं फार थोड्यांना पटलं. घरी गेम लावल्यावर ज्याला पहिल्या तासात क्रॅश दिसला, त्याला ते पटणार तरी कसं?

यात आणखी एक अडचण होती, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. स्टीमवर पैसे परत मिळवण्याचा साधा नियम असा: खरेदीला १४ दिवस झालेले नसावेत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी झालेला असावा. या गेममध्ये प्रस्तावनेचा भाग संपून पडद्यावर नाव झळकेपर्यंतच अनेकांचे चार-पाच तास जातात. सोनीचे नियम तर त्याहून कडक होते. ओपन वर्ल्ड गेम आवडला की नाही हे कळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात रिफंडची मुदत निघून गेलेली असते. म्हणूनच सोनीचं सरसकट पैसे परत करणं इतकं मोठं ठरलं.

कंपनीचा शेअर त्या महिन्यात एक तृतीयांशाहून जास्त पडला. पोलंडच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने दुरुस्तीच्या कामावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. अमेरिकेत गुंतवणूकदारांनी केलेला खटला १८.५ लाख डॉलरवर मिटला. तरी विक्रीचा आकडा पाहिला तर चक्रावून जायला होतं: २०२० संपेपर्यंतच १ कोटी ३७ लाख प्रती खपल्या होत्या. कंपनीने थेट पैसे परत केले ते सुमारे ३० हजार प्रतींचे. दुकानांनी परत केलेले वेगळे. पण राग जितका दिसत होता, तितका तो हिशेबाच्या वहीत उतरला नाही.

मग मत कधी बदललं?

जून २०२१ मध्ये गेम सोनीच्या दुकानात परत आला, तोही साध्या प्लेस्टेशन ४ वर खेळू नये अशा अर्थाच्या इशाऱ्यासह. फेब्रुवारी २०२२ च्या अपडेटने प्लेस्टेशन ५ आणि नव्या एक्सबॉक्ससाठी खास आवृत्ती दिली. गेम सुधारला होता, पण कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

लक्ष वेधलं एका कार्टून मालिकेने. सप्टेंबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘सायबरपंक: एजरनर्स’ ही जपानी स्टुडिओ ट्रिगरने केलेली दहा भागांची अ‍ॅनिमे मालिका आली. डेव्हिड आणि लूसी यांची गोष्ट पाहून लोक रडले आणि रडून झाल्यावर नाइट सिटीत परत गेले. रोज १० लाख लोक गेम खेळतायत, असं तेव्हा कंपनीने जाहीर केलं. मालिकेत दिसलेल्या जागा गेममध्ये शोधत फिरणं हा एक उद्योगच होऊन बसला. जाहिरातीने जे गेलं होतं, ते एका चांगल्या गोष्टीने परत आणलं.

खरी दुरुस्ती झाली २१ सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने, तीही फुकट. कौशल्यांची रचना मुळापासून नवी केली गेली. पोलिस गाड्या घेऊन खरोखर पाठलाग करू लागले. चालत्या गाडीतून गोळीबार करता येऊ लागला. चिलखताचा हिशेब कपड्यांवरून काढून शरीरात बसवलेल्या यंत्रांवर नेला. ऐकायला ही किरकोळ बाब वाटेल, पण आधी जास्त संरक्षणासाठी विजोड कपडे घालून, विदूषकासारखं दिसत फिरावं लागायचं. पाच दिवसांनी ‘फँटम लिबर्टी’ हा विकतचा विस्तार आला, इद्रिस एल्बासह. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये सतत सुधारत राहिलेल्या गेमसाठीचा पुरस्कार ‘सायबरपंक’ला मिळाला. ट्रेलरमध्ये दिसलेली मेट्रो ट्रेन त्या डिसेंबरमध्ये, गेम आल्यानंतर तीन वर्षांनी, एकदाची धावली.

काय आवडलं, काय अजून खुपतं?

आवडणाऱ्या गोष्टींत एक नमुना दिसतो. लोक मुख्य कथेपेक्षा बाजूच्या कथा जास्त आठवतात. वाळवंटात टोळीसह राहणारी पॅनम, ज्युडी, स्वतःच्या हरवलेल्या टॅक्सी शोधायला लावणारा डेलामेन हा संगणक. या कथा २०२० मध्येही अशाच होत्या, फक्त तेव्हा त्यांच्यापर्यंत पोचायला फार सहन करावं लागत होतं. शहराबद्दलही तेच. नाइट सिटीत नुसतं चालायला आवडतं असं सांगणारे खेळाडू पहिल्या आठवड्यातही होते, त्यांचा आवाज गोंगाटात बुडाला होता.

काही तक्रारी मात्र कोणत्याही अपडेटने सुटलेल्या नाहीत. सुरुवातीला पात्राची पार्श्वभूमी निवडायची असते: भटक्या, रस्त्यावरचा पोरगा किंवा कॉर्पोरेट नोकर. प्रत्येकाची सुरुवात वेगळी आहे, पण ती लवकरच संपते आणि तिघंही एकाच गोष्टीच्या रुळावर येतात. निर्णयांनी जग बदलेल असं ज्यांना वाटलं होतं, त्यांची निराशा कायम आहे. आणि दुसरी, जरा गमतीची तक्रार: व्हीकडे थोडेच दिवस उरलेत, असं गेम सारखं बजावतो आणि त्याच वेळी गाड्या विकत घ्या, मुष्टियुद्ध खेळा, घर बदला, असंही सुचवत राहतो. मरणाच्या दारातला माणूस इतका निवांत कसा, हा प्रश्न ओपन वर्ल्ड गेमच्या लेखकांना अजून नीट सुटलेला नाही.

मत बदललं, पण कुणाचं?

आजच्या कौतुकाचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. स्टीमवर ‘अलीकडची मतं’ म्हणून जे दिसतं ते गेल्या ३० दिवसांचं असतं. आज मत देणाऱ्याने गेम बहुधा सवलतीत घेतलेला असतो, तो दुरुस्त झालेला असतो आणि त्याचं यंत्रही नवं असतं. २०२० मध्ये पूर्ण किंमत मोजून हात पोळलेला माणूस त्या मोजणीत नसतोच. म्हणजे काही लोकांनी मत बदललं हे खरं, पण बऱ्याच अंशी मत देणारी माणसंच बदलली.

खेळाडूंमधला हा वाद २०२२ सालच्या स्टीम पुरस्कारांत उघड झाला. जुन्या गेमवर प्रेमाने काम करत राहणाऱ्यांसाठीचा पुरस्कार खेळाडूंनी मतदान करून ‘सायबरपंक’ला दिला, तेव्हा दुसरा गट संतापला. आधीच पूर्ण द्यायला हवं होतं ते उशिरा दिलं, यात प्रेम कसलं? पहिल्या गटाचं उत्तर होतं की पैसे मिळाल्यावर कंपनी निघून जाऊ शकली असती, ती गेली नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण एक हिशेब बाकी राहतोच: २.० अपडेट आणि ‘फँटम लिबर्टी’ प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी आलेच नाहीत. सगळ्यात वाईट गेम ज्यांच्या वाट्याला आला, त्यांना दुरुस्त झालेला गेम मिळालाच नाही. नवा कन्सोल घेतला तर नवी आवृत्ती फुकट मिळते, पण आधी कन्सोल विकत घ्यायला हवा.

नोव्हेंबर २०२४ पर्यंत गेमच्या ३ कोटी प्रती खपल्या. कंपनी आता ‘द विचर ४’वर काम करतेय. तो २०२६ संपण्याआधी येणार नाही, असं तिने आधीच सांगून ठेवलंय. जून २०२५ मध्ये त्याच्या तंत्रज्ञानाची झलक दाखवताना कंपनीने मुद्दाम साधा प्लेस्टेशन ५ वापरला. हा प्रत्यक्ष गेम नाही, फक्त तंत्रज्ञानाचं प्रात्यक्षिक आहे, हेही तिने स्पष्ट केलं. त्याखालच्या प्रतिक्रियांत कौतुक भरपूर होतं आणि अधूनमधून एक सल्लाही: प्री-ऑर्डर करू नका.