आजीच्या नावाला कंस

गेल्या रविवारी दुपारी काकांचा फोन आला. आजीची पाचवी पुण्यतिथी जवळ आलीये, त्यानिमित्त घरची मंडळी एक छोटीशी स्मरणिका काढणार आहेत. वर आजीचा फोटो, आत कीर्तनाची आणि जेवणाची वेळ, मधल्या पानावर माझा लेख. "तू ते वीकांताला काहीबाही लिहीत असतोस ना, तसलं काहीतरी लिही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

आता मंडळी, आजीवर लिहून डोळ्यांत पाणी आणणं यासारखं सोपं काम नाही. साहित्य ठरलेलं आहे. एक नऊवारी लुगडं, एक गोधडी, चुलीवरची बाजरीची भाकरी, कमरेच्या पिशवीतून निघणारं एक रुपयाचं नाणं. शेवटी 'घर तेच आहे, पण उंबऱ्यात वाट बघणारं कुणी नाही' असलं एक वाक्य. झाला लेख! ती गेली त्या वर्षी, २०२१ साली, मी स्वतः असाच एक पाडला होता. लोकांना आवडलाही होता. आज तो मला वाचवत नाही.

कारण फोन ठेवता ठेवता काका म्हणाले, "आणि हो, ताई येणारच आहे कार्यक्रमाला. तिला म्हणावं आधार कार्ड घेऊन ये. दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्ट्रारकडे जाऊन येऊ. एक सही पाहिजे."

हा लेख त्या सहीबद्दल आहे.

थोडी पार्श्वभूमी. आमचं गाव निघोजे. देहूहून इंद्रायणी आळंदीकडे जाते त्या वाटेवर, चाकण एमआयडीसीला खेटून. महिंद्रांचा २०१० साली सुरू झालेला मोटारींचा कारखाना आहे ना, त्याच्या पत्त्यातच आमच्या गावाचं नाव आहे. त्याआधी तिथं कांदा, बाजरी, भुईमूग होता. आता कंपन्या आहेत, आणि कंपन्यांतल्या पोरांना भाड्यानं द्यायच्या खोल्या आहेत. आमचीही बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली, पैसे आले. 'गुंठामंत्री' म्हणून आमच्याकडच्या लोकांना तुम्ही हसता ते मला माहीत आहे. हसा. त्याच पैशातून माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली आणि मोशीतल्या माझ्या फ्लॅटचं डाऊन पेमेंटही त्यातूनच झालं. म्हणजे पुढे जे लिहितोय त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मीही उभा आहे.

तर आजी. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिशेबात तिला कुणी फसवू शकत नसे. रतिबाच्या दुधाच्या खुणा ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं ओढायची. अर्ध्या लिटरला आडवी रेघ, लिटरला उभी. महिना संपला की ओल्या फडक्यानं भिंत साफ. जमिनीचंही तसंच. शेतांना गट नंबर असतात हे तिच्या गावीही नव्हतं. तिची शेतं म्हणजे विहिरीचं वावर, नदीकडची पट्टी आणि वरचा माळ. कुठल्या पट्टीत पाणी साचतं, कुठं कांद्याचं रोप जळतं, सगळं तोंडपाठ.

२००७ साली मोजणी झाली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. वरच्या माळाच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड काही सापडेना. बाबा आणि काका अर्धा तास बाभळीत शोधत होते. शेवटी आजी माझा हात धरून गेली, एका जागी पायानं माती सारली आणि म्हणाली, "ह्यो घ्या." दगड तिथंच होता.

परवा पत्र्याच्या पेटीतले जुने कागद बघताना त्याच सुमाराच्या सातबाऱ्याची झेरॉक्स हाताला लागली. आजोबा २००४ साली गेले. त्यानंतर वारसनोंदीनं पाच नावं लागली होती: आजी, बाबा, काका, थोरली आत्या, धाकटी आत्या. त्यातल्या तीन नावांना कंस होता. कंस का, तर २००६ साली आजीनं आणि दोन्ही आत्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं होतं. म्हणजे ज्या दिवशी आजीनं हद्दीचा दगड शोधून दिला, त्या दिवशी त्या जमिनीशी तिचा कागदोपत्री काहीएक संबंध उरला नव्हता.

आम्ही प्रोग्रॅमर लोक एखादी ओळ चालवायची नसेल आणि पुसायचीही नसेल, तर तिला कमेंट करून ठेवतो. ती डोळ्यांना दिसते, यंत्र मात्र तिला ओलांडून पुढे जातं. सातबाऱ्यावरचा कंस म्हणजे अगदी तेच.

आता कायदा बघू. (कंटाळू नका, चार तारखा आहेत फक्त.) १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बाप मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा दिला. वडिलोपार्जित जमिनीत मात्र मुलगा जन्मानं हिस्सेदार, मुलगी नाही. १९९४ साली महाराष्ट्रानं ते बदललं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ ला देशभर दुरुस्ती लागू झाली आणि मुलगी जन्मानं हिस्सेदार ठरली. आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ ला बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मानंच आहे.

याचा परिणाम काय झाला? वकील सावध झाले! गावालगत आमचे वीस गुंठे उरलेत आणि तिथं आता बिल्डर आलाय. त्याच्या वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला, "मुली किती?" एक माझी ताई, एक काकांची मुलगी. "मग दोघींची हक्कसोड आणा."

म्हणजे बघा, कायद्यानं मुलीच्या हातात सही दिली. आपण ती फक्त हक्क सोडण्यासाठी वापरून घेतो. पूर्वी तिला न विचारता वगळायचे, आता रीतसर फोटो आणि अंगठा घेऊन वगळतात.

यावर काय काय ऐकवलं जातं ते मला पाठ आहे. एकेक घेऊ.

"त्यांच्या लग्नात खर्च केला की." केला. माझ्या इंजिनिअरिंगवरही केला. काकांच्या मुलाच्या लग्नात तर डीजेपासून ड्रोनपर्यंत सगळं होतं. त्यावरून त्याचा हिस्सा कापल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि खर्च म्हणजे हुंडा म्हणत असाल, तर तो १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची रक्कम हिश्श्यातून वळती करता येत नाही.

"जमिनीचे तुकडे होतील." आजोबांची जमीन दोन भावांत वाटली तेव्हा तुकडे झालेच. आणि वीस गुंठ्यांवर आता कांदा लावायचा नाहीये, इमारत बांधायचीय. पैशाचे तुकडे पैशापर्यंत बरोबर होतात. दोन भावांच्या जागी चौघांची नावं टाकायला एक्सेलमध्ये दोन ओळी वाढतात, बस.

"त्यांनी स्वखुशीनं दिलं." हे सगळ्यात भारी. त्या कागदावर 'स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय' असं लिहिलेलं असतंच. पण सही करताना बाईच्या डोळ्यांसमोर काय असतं? सही केली तर दिवाळीला भाऊबीज, उन्हाळ्यात पोरांना मामाचं गाव, नवऱ्याशी बिनसलं तर परत यायला एक दार. नाही केली तर ते दार बंद. पुण्यात राहून गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भाऊ हा विषय ठायी ठायी येतो. ज्या माहेराचं कौतुक बायका पिढ्यान्‌पिढ्या दळता दळता करत आल्या, त्याच माहेराची आपण किंमत लावली आणि ती वसूलही केली. आमच्या आत्यांना त्या दिवशी रजिस्ट्रारकडून आल्यावर साडी-चोळी आणि पुरणपोळीचं जेवण मिळालं. मला ते जेवण आठवतं, कारण मी तीन पोळ्या खाल्ल्या होत्या.

आणि शेवटचं. "अरे, आईलाच नको होतं." हे ऐकून मी बरीच वर्षं गप्प होतो, कारण मी स्वतः तिला एकदा विचारलं होतं. ती हसून म्हणाली होती, "मला कशाला रं जमीन? डोक्यावर घेऊन जाऊ का?" झालं, मी समाधानानं परत आलो. पण शेवटच्या आजारपणात आजीनं काय केलं ते सांगतो. दोन्ही आत्या आपापलं घर टाकून आळीपाळीनं तीन महिने तिच्याजवळ होत्या. मुलगे आणि नातू वर्क फ्रॉम होम करत होते, म्हणजे होम मध्ये होते एवढंच. एके दिवशी आजीनं हातातल्या दोन सोन्याच्या पाटल्या साबण लावून काढायला लावल्या आणि एकेक दोघींच्या हातात घातली. जगात एवढीच एक वस्तू तिची होती, जिच्यावर कुणाची सही लागत नव्हती. ती तिनं लेकींना दिली. आणि दहाव्याला आमच्याच घरात कुजबुज झाली, "आईनं परस्पर देऊन टाकल्या."

अडाणी बाईनं याहून स्पष्ट मृत्युपत्र कसं करायचं असतं, सांगा बरं.

बरं, हे सगळं माझ्या पुस्तकी डोक्यातून आलंय असंही नाही. आमच्याच तालुक्यात, चाकणजवळ आंबेठाणला शरद जोशी शेती करत. १९८० च्या कांदा आंदोलनात चाकणला रस्ता अडवला, तेव्हा आजोबाही त्यात बसले होते, हे आम्ही शंभर वेळा ऐकलंय. त्याच जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्यानं आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची. असंख्य साध्या शेतकऱ्यांनी ती केली. १९९२ साली सरकारनंही सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची सोय केली. आजोबांनी कांद्याचा भाव तेवढा घेतला, लक्ष्मीमुक्ती शेजारच्या गावाला सोडली. तेव्हा 'त्या काळी लोकांना कळत नव्हतं' हे कृपया मला सांगू नका. आमच्या गावापासून मोटारसायकलवर जाऊन येण्याच्या अंतरावर ते कळलेला माणूस राहत होता.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव येतं. छान आहे, स्वागतच आहे. पण दाखल्यावर नाव टाकायला कुणाच्या खिशातून काही जात नाही. जातं ते सातबाऱ्यावर, आणि म्हणून खरी परीक्षा तिथंच आहे.

असो. आता माझं काय? ताईला फोन केला. म्हटलं, सही करू नकोस. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "जाऊ दे रे. मला तुमच्याशी बोलणं तुटायला नकोय." बघा, दडपण म्हणतात ते हे. कुणी दमात घेतलं नाही, आवाज चढवला नाही, आणि काम झालं.

मी बाबांना सांगितलंय की वाटणीत दोघी बहिणींची नावं असतील तरच संमतीच्या कागदावर माझी सही मिळेल. आणि माझ्या वाट्याला जे येईल त्यातला एक भाग दोन्ही आत्यांचा. २००६ चा हिशेब त्यानं पुरा होणार नाही, हे मला कळतं. बाबा तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. आई मधल्यामधे निरोप पोचवते. (तिचं नाव कुठल्या कागदावर आहे, हा प्रश्न मला हे लिहिताना पडला. कुठल्याच नाही.)

तुम्हाला एवढीच विनंती. आजीच्या आठवणीनं गहिवरून आलं की फोन उघडा. महाभूलेखवर सातबारा घरबसल्या बघता येतो. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाका. तुमच्या आजीचं, आत्याचं, बहिणीचं नाव त्यावर आहे का बघा. नसेल तर जुने फेरफार काढून ते केव्हा आणि कसं गेलं ते शोधा. आणि तुमच्या बहिणीकडे कुणी सही मागत असेल, तर तिच्या आधी तुम्ही नाही म्हणा. तिनं नाही म्हटलं तर ती लोभी ठरते. तुम्ही म्हटलंत तर फार तर आगाऊ ठराल.

आजीचं नाव मी या लेखात कुठं लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. जिथं असायला हवं होतं तिथं ते कंसात आहे, मग इथं मिरवून काय करू? काकांना मात्र हाच लेख पाठवतोय, स्मरणिकेच्या मधल्या पानासाठी. छापतील असं वाटत नाही. पुण्यतिथीला मी जाणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळची ताईची गाडी मी आजच बुक करून ठेवलीये, तिच्या घरी परत जायची. रजिस्ट्रारचं ऑफिस उघडायच्या आत निघणारी.