नील फ्रँकलिनचा अपराध कोणता?

स्टोक सिटीचा नील फ्रँकलिन हा इंग्लंडचा सेंटर हाफ, म्हणजे गोलापुढील मुख्य रक्षक. १९४६ ते १९५० ह्या काळांत तो देशाकडून सलग २७ सामने खेळला. मैदानें प्रेक्षकांनीं फुलून जात. परंतु नियमाप्रमाणें खेळाडूस आठवड्याला १२ पौंडांहून अधिक वेतन मिळत नसे. १९५० सालीं तो कोलंबियांत, बोगोटाच्या सांता फे संघाकडे गेला. तेथील स्पर्धा तेव्हां फिफाच्या कक्षेबाहेर होती. थोडेच सामने खेळून तो परतला, तों मायदेशीं बंदी तयार! इंग्लंडकडून तो पुन्हां कधींच खेळला नाहीं. त्यास लोभी म्हणणारांस मी विचारतों : एखादा वैद्य वा गवंडी अधिक वेतनासाठीं परदेशीं गेला, तर त्यास आपण हाच दोष देतों काय? ती वेतनमर्यादा १९६१ सालीं उठली. तेव्हां फ्रँकलिन चाळिशीस टेकला होता.